बेडक्यात जंतू नाहीत, तरी गोळ्या का?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला फुप्फुसाचा क्षयरोग झाला आहे. दोन महिन्यांच्या उपचारानंतर ताप गेला, वजन वाढले आणि बेडक्याच्या तपासणीतही जंतू आढळले नाहीत. तरीही आणखी चार महिने गोळ्या घ्यायला सांगितल्या आहेत. जंतूच उरले नसतील, तर औषध कशासाठी?
— एक वाचक, मिरज

उत्तर : बेडक्यात जंतू न दिसणे म्हणजे शरीरात जंतू नसणे नव्हे. एका मिलिलीटर बेडक्यात साधारण 5 ते 10 हजार जंतू असल्याशिवाय ते सूक्ष्मदर्शकाखाली सहसा सापडत नाहीत. शिवाय उरलेले जंतू बेडक्यात यावेत असेही नाही, कारण त्यांतले अनेक आपल्याच पेशींच्या आत दडून राहतात.

श्वासावाटे आत आलेला क्षयाचा जंतू फुप्फुसातील भक्षक पेशी गिळते आणि तो तिच्या आतल्या एका पिशवीत बंद होतो. या पिशवीत आम्ल व पाचक रसायनांनी भरलेली दुसरी पिशवी मिसळली, की एरवी बहुतेक जंतू मरतात. क्षयाचा जंतू मात्र ही मिसळण्याची क्रियाच रोखून धरतो. पेशी त्याच्यावर ऑक्सिजनची जी विषारी संयुगे सोडते, ती तो स्वतःच्या विकरांनी निकामी करतो, आणि त्याचे मेणचट आवरणही त्याला वाचवते. पुढे ऑक्सिजन तुटपुंजा झाला की त्याची सुमारे 50 जनुके एकदम कामाला लागतात, विभाजन जवळजवळ थांबते आणि पेशीतील चरबी व कोलेस्टेरॉल यांवर तो तग धरतो.

औषधाची खरी अडचण इथेच आहे. आयसोनियाझिड हे क्षयावरचे औषध जंतूच्या आवरणाची बांधणी मोडते. पण जो वाढतच नाही, तो बांधणी तरी कशाची करणार? जंतुशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांना 1944 मध्ये पेनिसिलिनबाबत हेच दिसले होते : थोडे जंतू वाचत, पण त्यांची पुढची पिढी त्याच औषधाने पुन्हा मरत असे. म्हणजे असे जंतू औषधाला सरावलेले नसतात, केवळ निष्क्रिय असतात. पायराझिनामाइड आम्लयुक्त जागी दडलेल्या, मंदावलेल्या जंतूंवर चालते, तर रिफाम्पिसिन मधूनच जागा होणारा जंतूही मारते. या दोन औषधांमुळेच पूर्वीचा सुमारे दीड वर्षाचा उपचार 6 महिन्यांवर आला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

उपचार मध्येच सोडला, तर उरलेले जंतू पुन्हा वाढू लागतात. आणि गोळ्या अधूनमधून घेतल्या, तर खरोखरच औषधाला दाद न देणारे जंतू माजण्याचा धोका असतो. म्हणून भावाच्या गोळ्या पूर्ण मुदतीपर्यंत, एकही दिवस न चुकवता चालू ठेवाव्यात. डोळे पिवळे झाले, सतत उलट्या होऊ लागल्या किंवा नजर अधू वाटली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रक्तातील साखर तपासली नसेल तर तीही तपासून घ्यावी, कारण मधुमेह आटोक्यात नसेल तर हा आजार उलटण्याची शक्यता वाढते.