भजन, एकादशी, मिस्सा आणि घरातली म्हातारी माणसं: तुमचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या प्रश्नांमधे एक गोष्ट सारखी दिसली, घरातल्या आजी-आजोबांचं देऊळ, भजन, चर्च काही ना काही कारणाने सुटलंय आणि तेव्हापासून माणूस खचत चाललंय. डॉक्टर, गोळ्या, फिजिओ सगळं चालू असतं पण दिवसभरात घराबाहेरचं कुणी नावाने हाक मारत नाही. माझं मत आधीच सांगते, वयस्कर माणसाला मंडळात नुसती बसायला जागा देऊन भागत नाही, त्यांच्याकडे काहीतरी काम असलं पाहिजे आणि ते आले नाहीत तर कुणाच्या तरी लक्षात आलं पाहिजे.

प्रश्न: ताई, माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या. सासरे गेल्याला वर्ष होऊन गेलं, पण त्या भजनी मंडळात परत जायचं नाव काढत नाहीत. म्हणतात, आता मी कुठे पुढे पुढे करू, लोक काय म्हणतील. पूर्वी चाल त्याच धरायच्या. जेवणही कमी झालंय. काय करावं? (कराड)

त्यांना "जा हो आई, बरं वाटेल" असं सांगून त्या जाणार नाहीत, कारण अडचण त्यांच्या मनात आहे तशीच ती गल्लीतही आहे. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं, ओटी भरताना बाजूला बसवलं की बाई आपोआप मागे सरते. तुमच्यापासून लांब नाही ते कोल्हापूर जिल्ह्यातलं हेरवाड, तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मधे ठरावच केला की विधवा प्रथा गावात पाळायच्या नाहीत, आणि त्यानंतर राज्य सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींना त्याच वाटेने जायला सांगितलं. तेव्हा लोक काय म्हणतील याला उत्तर आहे, एका अख्ख्या गावाने दिलेलं.

आता प्रत्यक्ष करायचं काय, तर मंडळात ज्या बाई सगळं बघतात त्यांच्याकडे तुम्ही स्वतः जा, सासूबाईंना न सांगता. त्यांना म्हणा, पुढचं भजन आमच्या घरी ठेवा. बहुतेक मंडळं घरोघरी जातातच, त्यात वेगळं काही वाटणार नाही. आणि त्या दिवशी कुणीतरी मुद्दाम म्हणावं, काकू, ही चाल आमच्याकडून बसत नाहीये, तुम्ही धरा. कीव करून बोलावलं तर त्या येणार नाहीत, अडलंय म्हणून बोलावलं तर येतील. आधी त्यांची भजनाची वही काढून बघा, अक्षर आता दिसत नसेल आणि ते त्या बोलत नसतील. माझ्या ओळखीच्या एका मंडळात एका नातीने आजीची वही काळ्या मार्करने मोठ्या कागदावर उतरवून दिली, एका पानावर एकच अभंग, ओळीओळीत भरपूर जागा सोडून, आणि मग त्याच्या झेरॉक्स सगळ्याच बायकांनी मागून नेल्या, कारण दिसत कुणालाच नव्हतं.

जेवणाचं मात्र वेगळं बघा. वजन उतरलं असेल, झोप उडाली असेल, सारखं रडू येत असेल किंवा कशातच रस उरला नसेल तर डॉक्टरांना दाखवा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, फुकट नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. भजन आणि उपचार दोन्ही चालू द्या, एकामुळे दुसरं बंद करायचं नाही.

प्रश्न: आमच्या गावातल्या विठ्ठल मंदिराचा मी विश्वस्त आहे. हरिपाठाला पूर्वी वीसेक म्हातारी माणसं असायची, आता पाच-सहा. आम्ही नवीन ग्रॅनाइट टाकलं, लाइटिंग केलं, तरी लोक कमी का झाले? फंड फार नाही. (सोलापूर जिल्हा)

दादा, ग्रॅनाइटमुळेच कमी झाले असतील, मी मनापासून म्हणते, ते ओलं झालं की पाय घसरतो. पासष्टीच्या पुढच्या माणसांत दर वर्षी साधारण तीनातला एक जण कुठे ना कुठे पडतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि एकदा पडलेलं किंवा पडता पडता वाचलेलं माणूस परत त्या वाटेला जात नाही, घरच्यांनाही सांगत नाही, पाय दुखतोय म्हणतं.

एक दिवस काकड्याच्या वेळी दारात उभं राहून नुसतं बघा. पहिली अडचण चपला काढायच्या जागी. म्हातारं माणूस एका पायावर उभं राहून, भिंतीला हात टेकून चप्पल काढतं, शेजारी पाय धुवायचा नळ, खाली ओलं, आणि बाहेर अजून अंधार. तिथे एक बाकडं टाका. बस्स, एवढ्यानेच निम्मं काम होईल. मग नळापासून दारापर्यंत काथ्याची नाहीतर रबरी मॅट टाका, पायऱ्यांना लोखंडी कठडा दोन्ही बाजूंनी (चढताना ज्या हाताने धरतात तो उतरताना उलट्या बाजूला येतो), आणि उंबऱ्यावर पिवळा पट्टा मारा, कारण काळ्या दगडावर काळा उंबरा मोतीबिंदूवाल्याला दिसतच नाही. अभिषेकाचं पाणी लगेच पुसायचं काम कुणातरी एकाला नेमून द्या.

खुर्च्या ठेवल्या असतीलच, पण बहुतेक देवळांत त्या मागे भिंतीला लावलेल्या असतात आणि तिथे बसलेल्या माणसाला ना बुवा दिसतात ना ऐकू येतं. खुर्ची गोलात घ्या, बाकीचे खाली बसलेत त्यांच्याच शेजारी. हात टेकायला असलेली, न घसरणारी खुर्ची हवी. आवाजाचंही बघा, फरशीच्या हॉलमधे स्पीकर मोठा केला की आवाज घुमतो आणि कमी ऐकू येणाऱ्याला शब्द उलट कमीच कळतात, त्यापेक्षा आवाज बेताचा ठेवून स्पीकर त्यांच्या जवळ आणा. ही बारीक गोष्ट वाटेल पण लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी जी १४ कारणं दिलीत त्यात कमी ऐकू येणं आहे, कमी दिसणं आहे आणि माणसांपासून तुटणंही आहे. हरिपाठ सुटला की माणसांपासून तुटणं सुरू झालंच.

आणि हरिपाठ संपल्यावर लगेच उठवू नका कुणाला. तासभर खाली बसून एकदम उठलं की बीपी पडतं, चक्कर येते. आधी पाय हलवायचे, मग खुर्चीचा नाहीतर खांबाचा आधार घेऊन सावकाश उठायचं, हे बुवांनीच माइकवर सांगितलं तर सगळे ऐकतील.

बिनखर्चाचं सगळ्यात मोठं काम म्हणजे एक वही. रोज कोण आलं ते लिहायचं, आणि कुणी दोन दिवस दिसलं नाही की फोन. हा फोन करायचं काम अशा आजीला द्या जी गुडघ्यामुळे आता देवळापर्यंत येऊच शकत नाही. ती घरी बसून मंडळात राहते, आणि दोन दिवस तापाने पडून असलेल्या माणसाचं मंडळाला कळतं. एका आजोबांना पोरांना पखवाज शिकवायला सांगा, एकांना पोथी वाचायला, कुणाला फुलं निवडायला. शिवाय तुमच्या जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या (म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रातल्या) ताईंना एकादशीला देवळातच बीपी-शुगर तपासायला बोलवा, माणसं आयती जमलेली असतात. ७० वर्षांपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार आयुष्मान कार्डावर मिळतात, ऑक्टोबर २०२४ पासून, पण आधारचं केवायसी करताना ओटीपीपाशी सगळे अडकतात. कॉलेजची दोन पोरं एक दिवस देवळात बसवली तर गावातल्या सगळ्यांचं होऊन जाईल.

अजून एक, विश्वस्तांत एखादी बाई आहे का? हरिपाठाला बायका जास्त असतात आणि संडासची सोय नाही म्हणून येत नाहीत हे पुरुषांच्या मीटिंगमधे कुणी बोलतच नाही.

प्रश्न: आईला शुगर आहे, वय ७४, दोन्ही एकादश्या कडक करते. मागच्या वेळी घामाघूम होऊन बसली. माझं ऐकत नाही. (नाशिक)

घामाघूम होणं, हात थरथरणं, बोलणं गोंधळल्यासारखं होणं ही शुगर उतरल्याची लक्षणं आहेत. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि पोट रिकामं असेल तर हे होऊ शकतं, म्हणून उपवासाच्या दिवशी डोस काय घ्यायचा ते डॉक्टरांना आधी विचारा, मनाने गोळी बंद करू नका. मीटरवर ७० च्या खाली आलं की उपवास तिथेच सोडायचा, लगेच साखर नाहीतर गूळ खायचा. साबुदाणा आणि भगर म्हणजे नुसता स्टार्च, शुगर झपकन चढते, त्यापेक्षा दूध, ताक, मूठभर शेंगदाणे, राजगिरा, काकडी बरी. आणि सुटं, जुनं भगरीचं पीठ अजिबात आणू नका, उपवासाच्या दिवसांत त्यातून विषबाधेच्या बातम्या दर वर्षी येतात.

तुमचं ऐकत नसतील तर त्यांच्या कीर्तनकार बुवांना भेटा. आजारी माणसाने नामस्मरण करावं, अन्न सोडू नये, हे त्यांच्या तोंडून ऐकलं की बरेच जण मानतात.

प्रश्न: आई निवृत्त शिक्षिका, ७१. एका सत्संगात जाते, खूश असते, पण पेन्शनमधले बरेच पैसे तिथे जातात. आता जागेचे कागद विचारले म्हणे. आम्ही जाणंच बंद करावं का? (पुणे)

जाणं बंद करू नका एवढ्यात, तिच्या मैत्रिणी तिथे आहेत आणि तुम्ही तोडलंत तर ती तुमच्यापासून लपवायला लागेल. पैसे तिचे आहेत, दान करायचा हक्कही तिचाच. पण कागद हा वेगळा विषय. बक्षीसपत्र एकदा नोंदवलं की परत फिरवणं फार अवघड, मृत्युपत्र मात्र हयातीत कधीही बदलता येतं, तेव्हा द्यायचंच असेल तर मृत्युपत्रात लिही आणि आधी स्वतःच्या वकिलाला दाखव, एवढं तिच्याशी शांतपणे बोला. पावती मागायची सवय लावा. २००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीवर इन्कम टॅक्सची सूट मिळत नाही हे शिक्षिकेला लगेच पटेल.

घरी सांगू नका, आजच सही करा, गोळ्या बंद करा, यातलं एक जरी वाक्य तिथे ऐकू आलं तर वाट बघत बसू नका, लगेच मदत मागा. चमत्काराच्या नावाखाली फसवण्याविरुद्ध २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन रोज सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते.

प्रश्न: बाबा ७९ वर्षांचे, खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जाता येत नाही. यूट्यूबवर मिस्सा लावून देतो. तेवढं पुरे आहे का? (वसई)

नाही पुरे. यूट्यूबवर बाबा मिस्सा बघतात, पण मिस्सानंतर चर्चच्या आवारात उभं राहून ज्या गप्पा व्हायच्या त्या कुठे आहेत? तुमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) ऑफिसला फोन करून नाव द्या, आजारी माणसांना घरी कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, आणून देतात, बऱ्याच ठिकाणी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचं काम तर घरोघरी भेटी देण्याचंच आहे, १८३३ मधे पॅरिसला सुरू झालेली ही संस्था, तुमच्याकडे तिचं युनिट असेल तर त्यांनाही सांगा. येणाऱ्याला दहा मिनिटांत जाऊ देऊ नका, चहाला बसवा, आणि तेवढ्यात आई, किंवा बाबांचं करणारं दुसरं जे कुणी असेल, त्यांना बाहेर एक चक्कर मारून येऊ दे.

फिजिओने चालायला सांगितलं असेल तर तेही यात बसवा, कम्युनियन आणणारे आले की बाबांनी वॉकरने दारापर्यंत जाऊन त्यांना आत घ्यायचं. ऑक्टोबर म्हणजे रोझरीचा, जपमाळेच्या प्रार्थनेचा महिना, शेजारपाजारची रोझरी एक दिवस तुमच्या घरी ठेवायला सांगा आणि प्रार्थना बाबांनाच चालवू दे. संध्याकाळी किती वाजता ठेवायची, तेही त्यांनाच विचारा.