थेरपिस्टला शिक्षण विचारलं तर चालेल का?

“ताई, गुजरीत आमचं वडिलोपार्जित सोन्याचं दुकान आहे. दिवाळीत वडील गेले. वेळेत पुण्याला न्यायला हवं होतं, असं सारखं वाटतं. पहाटे तीनला जाग येते, छातीत धडधडतं. ईसीजी नॉर्मल आला, डॉक्टर म्हणाले थेरपी घ्या. ताराबाई पार्कातल्या एका मॅडमकडे दोनदा गेलो. नुसते प्रश्न विचारतात, वर डायरी लिहायला सांगतात. बायको म्हणते, हजार रुपये देऊन गप्पा कसल्या मारता? दुसरे एक सर तीन सेशनमध्ये बरं करायची हमी देतात, भिंतभर सर्टिफिकेटं आहेत. मॅडमना शिक्षण विचारलं तर अपमान वाटेल का?”
– एक सराफ, कोल्हापूर

दादा, हॉलमार्क बघितल्याशिवाय तुम्ही दुसऱ्याचा दागिना घेत नाही, आणि इथं लाजता? बिनधास्त विचारा. नीट शिकलेली व्यक्ती या प्रश्नाला रागावत नाही.

‘काउन्सेलर’ अशी पाटी आपल्याकडे कुणीही लावतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला मात्र भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. त्यातल्या बऱ्याच जणांनी एमएनंतर दोन वर्षांचं एमफिल केलेलं असतं आणि त्यात वरिष्ठांच्या देखरेखीखाली पेशंट बघावे लागतात. मॅडमकडे नोंदणी क्रमांक मागा. नुसतं एमए करून उत्तम काम करणारेही आहेत; त्यांना प्रत्यक्ष प्रशिक्षण कुठं घेतलं आणि केस अडली तर कुणाला विचारता, एवढं विचारायचं. गोळ्या लागल्याच तर त्या सायकियाट्रिस्ट, म्हणजे मनोविकारांचे डॉक्टर देणार.

आता डायरी. मॅडम बहुधा सीबीटी, म्हणजे मनातले विचार तपासून बदलायच्या पद्धतीनं काम करत असाव्यात. अ‍ॅरन बेक हा ती पद्धत काढणारा अमेरिकन डॉक्टर, मूळचा मनोविश्लेषणातला. १९६०च्या दशकात त्याच्या लक्षात आलं की खचलेल्या माणसाच्या डोक्यात स्वतःविरुद्धचे निकाल भराभर लागत असतात आणि ते त्याला खरेच वाटतात. म्हणून ते कागदावर उतरवायचे आणि पुरावा मागायचा. तुमचं ‘पुण्याला न्यायला हवं होतं’ हे असलंच वाक्य. त्या आठवड्यात डॉक्टर काय म्हणाले होते? वडिलांची स्वतःची इच्छा काय होती? हे प्रश्न मॅडम विचारतात त्याला गप्पा म्हणत नाहीत. अर्थात, त्यांनी हे तुम्हाला आधीच समजावून सांगायला हवं होतं. पुढच्या वेळी विचारा: माझ्यासाठी काय ठरवलंय, साधारण किती आठवडे, फरक पडतोय हे कशावरून कळणार? चार-पाच सेशननंतरही मोकळं बोलता येत नसेल तर खुशाल दुसरीकडे जा.

त्या सरांकडे नको. बाप गेल्याचं दुःख तीन बैठकांत संपवायची हमी देणाऱ्याचं एकही सर्टिफिकेट मी वाचणार नाही.

गल्लीत कळेल ही धास्ती तुम्ही लिहिली नाहीत, पण असणारच. आपल्या गावात कोण कुठं रस्सा प्यायला हेसुद्धा संध्याकाळपर्यंत कळतं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुमच्या उपचारांची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. जिवाला धोका असेल तेव्हा अपवाद. पहाटे जगणं नको असं वाटलं, तर थांबू नका, टेली मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत.

आणि मॅडमना विचारून एका सेशनला वहिनींनाही घेऊन जा. गप्पा कसल्या चालतात ते त्यांनाच ऐकू दे.