दगडाला गंज चढत नाही

प्रश्न असा आहे : इंग्लंडमध्ये सापडणाऱ्या, चकमकीच्या दगडाच्या प्राचीन बाणटोकांवर पांढरट थर दिसतो, त्याला 'पॅटिना' म्हणतात. मराठीत 'गंज' म्हटलं तर चालेल का?

अजिबात नाही. गंज लोखंडाचा. चकमक म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका, तिच्यात गंजायला आहे काय? त्याहून मला खुपतं ते मागोमाग येणारं 'चढला' हे क्रियापद. चुनखडीच्या जमिनीत मुरणारं पाणी चकमकीच्या पृष्ठभागातली सिलिका कणाकणाने विरघळवून नेतं. मागे उरते ती सच्छिद्र कातडी. तिच्यात प्रकाश विखुरतो आणि काळा दगड पांढरा दिसतो. खडीसाखर आरपार दिसते, तीच कुटली की पांढरीफेक होते ना, तसंच. नांगराचा फाळ लागून अशा टोकाचा टवका उडाला, की आत काळाभोर गाभा आणि भोवती पांढरी कड दिसते. इथे काही चढलेलं नाही, दगडातलं गेलेलं आहे!

चढतं ते पुट. चुन्याचं पुट, किंवा वाळवंटी दगडांवरचा लोह-मँगनीजचा काळसर चकाकता लेप. हे बाहेरून येऊन बसतं.

आता खरी गंमत. लॅटिनमध्ये 'पातिना' म्हणजे पसरट थाळी. जुन्या काशाच्या थाळ्यांवर हिरवट थर धरायचा, त्यावरून थराला थाळीचंच नाव पडलं. काही जण म्हणतात, चामड्याला चोळायचा लेप थाळीत कालवत, त्यावरून हा अर्थ आला. मला ते ओढूनताणून वाटतं. पितळेच्या भांड्यात ताक कळकलेलं ज्याने चाखलंय, त्याला भांडं आणि डाग यांचं नातं वेगळं समजवावं लागत नाही. आपल्या 'कळकणे'मागेही 'कलंक'च आहे, आणि संस्कृतात 'कलंक' म्हणजे लोखंडाचा गंजसुद्धा. याच पातिनाचं लघुरूप 'पातेल्ला', म्हणजे छोटी थाळी. डॉक्टर गुडघ्याच्या हाडाला 'पटेला' म्हणतात ते हेच, आणि आपण कुणालाही न विचारता त्याला गुडघ्याची वाटी म्हणत आलो!

मग पॅटिनाला काय म्हणायचं? माझा शब्द 'राप'. उन्हातान्हात चेहरा रापतो तेव्हा वरून रंग लावलेला नसतो, कातडीच बदललेली असते. रापायला ऊनच लागतं, असा आक्षेप कोशप्रेमी घेतात. धुराने तुळया रापतात, तिथे ऊन कुठून आलं?

शिवाय राप नकली करणं सोपं नाही. १८६३ साली फ्रान्समध्ये आबव्हीलजवळच्या मूलँ-किन्योँच्या खाणीत दगडी हातकुऱ्हाडी निघाल्या. इंग्रज पुरातत्त्वज्ञ जॉन इव्हान्स यांनी त्या बनावट ठरवल्या, कारण त्यांचा पृष्ठभाग ताजा होता. वरून माती फासलेली होती, दगड रापलेला नव्हता.