एवढ्याशा गोष्टीवरून मी का चिडते?

"मॅडम, मी लहानपणापासून चर्चच्या मंडळीत वाढले. रोज शास्त्र, म्हणजे बायबल वाचते, प्रार्थना करते. मग एवढ्यातेवढ्यावरून माझा तोल का जातो? माझ्या विश्वासातच काही खोट आहे का?"

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतो. कुणी नुकतंच निवृत्त झालेलं असतं, कुणाची मुलं घराबाहेर पडलेली असतात, कुणाच्या घरात नवीन माणूस आलेलं असतं, कुणी जोडीदाराच्या आजारपणात अडकलेलं असतं. प्रत्येकाची तऱ्हा निराळी, लाज मात्र एकच. मोठं संकट आलं तर प्रार्थनासभेत हात वर करून सांगता येतं. ओला टॉवेल, जागेवर नसलेली कात्री, दहादा मागवूनही न येणारा ओटीपी, यासाठी प्रार्थनेची विनंती कोण करणार? मग माणूस गप्प बसतो, आणि तो राग घरातल्यांवर निघतो.

उत्तर एका बाईंच्या अनुभवातून देते. त्यांना विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. हॉस्पिटलमध्ये वॉर्डच्या इन्चार्ज म्हणून काम करून त्या निवृत्त झाल्या. सगळा जन्म सगळ्यांनी त्यांना सिस्टर म्हटलं, मीही इथे तेच म्हणते.

पहिल्या भेटीत सिस्टर ताठ बसून बोलत होत्या. क्रमवार, नीट, एकेक मुद्दा. यजमान पेपर वाचून तसाच पसरून ठेवतात. मुलगा फोनवर बोलत बोलत जेवतो. संडे स्कूल, म्हणजे चर्चमधला मुलांचा रविवारचा वर्ग, ज्या तरुण मुलीकडे सोपवलं, ती दर रविवारी दहा मिनिटं उशिरा येते. बँकेच्या ॲपमध्ये पासवर्ड चुकतो आणि खातं लॉक होतं. "आणि या प्रत्येक गोष्टीवर मी ओरडते. वॉर्डात एका वेळी चार पेशंट सिरियस असताना माझा आवाज कधी चढला नव्हता."

मग दबकत दबकत त्यांनी औषधांच्या डब्याचं सांगितलं.

यजमानांना बीपी आणि शुगर, दोन्ही. आठवड्याच्या गोळ्या सिस्टर दर शनिवारी बसून छोट्या कागदी पुड्यांमध्ये भरायच्या, वर वार आणि वेळ लिहायच्या. एका रविवारी उपासनेहून घरी आल्या तर टेबलावर कप्प्यांचा नवा डबा. सुनेने सगळ्या गोळ्या त्यात लावून प्रत्येक कप्प्यावर सकाळ, दुपार, रात्र अशी चिठ्ठी चिकटवली होती. सिस्टर एवढ्या जोरात ओरडल्या की मुलगा आतून धावत आला. सून काही बोलली नाही. तिने एकेक गोळी काढून पुन्हा पुड्यांत भरली आणि पुड्या होत्या तशा रचून ठेवल्या.

"आणि मॅडम, तिची एकही गोळी चुकली नव्हती. मी नंतर तपासून बघितलं."

मी विचारलं, "चुकली असती तर बरं वाटलं असतं का?"

सिस्टर बराच वेळ खाली बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हो." आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांना रडू आलं.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत पुढे जाऊन भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. सिस्टर पुढे गेल्या नाहीत, बाकावरच बसून राहिल्या. आपण त्या लायकीचे नाही असं त्यांना वाटलं. महिला मंडळात एकीला जरासं सांगून पाहिलं, तर तिने लगेच बायबलमधलं फिलिप्पै 4:6 हे वचन ऐकवलं, कशाचीही चिंता करू नका. दुसरी म्हणाली, आता तर प्रभूसाठी वेळच वेळ आहे, आनंद माना.

त्या वचनावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण त्याच ओळीत पुढे आपल्या मागण्या देवाला कळवा असंही लिहिलंय, आणि तेवढा भाग सांगायचा आपल्याकडे राहून जातो. दुखणाऱ्या माणसाला अर्धं वचन ऐकवलं की त्याचं तोंड बंद होतं. सिस्टरांनी त्यानंतर मंडळीत कुणाकडेही हा विषय काढला नाही.

सिस्टरांची चिडचिड हे मूळ दुखणं नव्हतं. त्यांच्या हातून एकामागून एक गोष्टी गेल्या होत्या, आणि त्यातल्या एकीचाही शोक झाला नव्हता. वॉर्ड गेला. संडे स्कूल त्यांनी स्वतःहून सोपवलं, तरी गेलंच. घरात सून आली, ती गुणी, पण घराची व्यवस्था बदलली. जिथे आपली नजर आणि आपला हात लागतो अशी शेवटची जागा उरली होती ती गोळ्यांच्या पुड्यांची. तीही गेली, तेव्हा आधीच्या सगळ्याचा हिशोब सुनेच्या पदरात पडला.

थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोघा अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी 1967 साली आयुष्यातल्या 43 घटनांची एक यादी मांडली. कोणत्या घटनेनंतर माणसाला स्वतःची घडी किती बदलावी लागते, याला त्यांनी गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू सर्वांत वर, 100. लग्न 50. निवृत्ती 45. कुटुंबात नवीन माणूस येणं 39. मंडळीतल्या कामात बदल, त्यालाही 19 गुण आहेत. या गुणांवरून मी कुणाचं निदान करत नाही, यादी जुनी आहे आणि प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते. पण सिस्टरांना ती दाखवली, कारण त्यांना हवं ते त्यात होतं. लग्नासारख्या आनंदाच्या गोष्टीही माणसाला थकवतात. त्यांची बेरीज आम्ही कागदावर केली, 45, 39 आणि 19, म्हणजे 103. सिस्टर आकड्यांवर विश्वास ठेवणाऱ्या. म्हणाल्या, "म्हणजे मी उगीच चिडत नव्हते."

उगीच नव्हतं. पण चिडण्याला कारण असलं म्हणून सुनेवर ओरडणं योग्य ठरत नाही, हेही मी त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. सिस्टरांना गोड बोलणारं माणूस नकोच होतं.

आधी शरीर बघितलं. एलीया या संदेष्ट्याची गोष्ट बायबलमध्ये 1 राजे 19 मध्ये आहे. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाला आणि लगेच ईजबेल राणीच्या धमकीने तो पळाला, झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, देवदूताच्या हातून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. बोलणं झालं ते त्यानंतर, होरेब डोंगरावर. सिस्टरांची झोप वर्षानुवर्षांच्या नाइट ड्यूटीने मोडलेली होती, निवृत्तीनंतरही पहाटे तीनला डोळा उघडायचा. त्यांना मी डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉइड, बी12, साखर, यांच्या गडबडीतही माणूस चिडखोर होतो, आणि तिथे नुसती प्रार्थना सुचवून गप्प बसणं मला मान्य नाही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन सतत उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर तपासणी हवीच. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि डॉक्टर गाठा, वाट बघू नका.

मग शास्त्रातल्या तक्रारींकडे वळलो. सिस्टरांचं म्हणणं होतं की कुरकुर हे पाप आहे, इस्राएल लोकांना रानात त्याचीच शिक्षा झाली. मी त्यांना गणना या पुस्तकाचा 11 वा अध्याय वाचायला सांगितलं. तिथे दोन तक्रारी आहेत. लोक आपापल्या तंबूच्या दाराशी रडत बसलेत, देवाबद्दल बोलतायत पण देवाशी बोलत नाहीत. आणि त्यांचा पुढारी मोशे? तो सरळ देवालाच विचारतो, या सगळ्या लोकांना मी जन्म दिला का, हा भार माझ्या एकट्याने उचलवत नाही, यापेक्षा मला मारून टाक. याहून कडक तक्रार काय असणार. पण देवाने मोशेला झिडकारलं नाही, भार वाटून घ्यायला 70 वडील, म्हणजे लोकांमधले वडीलधारे पुढारी दिले.

सिस्टरांनी तो अध्याय माझ्यासमोर दोनदा वाचला. त्यांची तक्रार आजवर तंबूच्या दारातच अडली होती, सून, यजमान, ती संडे स्कूलची मुलगी यांच्यापाशी. देवासमोर मात्र त्या रोज नीटनेटकी आभाराची प्रार्थना करत होत्या.

नर्सिंगमध्ये ड्यूटी संपताना पुढच्या पाळीला चार्ज द्यावा लागतो. कुठल्या पेशंटचं काय झालं, काय राहिलं, कुणावर लक्ष ठेवायचं. त्याशिवाय घरी जाता येत नाही. मी म्हटलं, "सिस्टर, रोज झोपण्याआधी देवाला चार्ज द्या. वहीत लिहून." पद्धत स्तोत्र 13 मधून घेतली. सहाच ओव्यांचं स्तोत्र आहे. पहिल्या दोन ओव्यांत दावीद कोठवर, कोठवर असं चार वेळा विचारतो. मधल्या दोन ओव्यांत मागणं आहे, माझ्याकडे लक्ष दे, उत्तर दे. विश्वासाचे शब्द शेवटच्या दोन ओव्यांत येतात, त्याआधी नाही. सिस्टरांनीही तसंच लिहायचं ठरलं. आज कशाने चिडले, त्यात माझं काय हरवलं, मला काय हवंय. आणि भरवशाचे शब्द खरोखर आले तरच लिहायचे, नाहीतर ती जागा कोरी ठेवायची.

कोरी जागा त्यांना जड गेली. सुरुवातीची पानं त्यांनी मला दाखवली, तिथे शेवटी काहीच नव्हतं. एका पानावर लिहिलं होतं, "ओटीपी आला नाही. मुलाला विचारावं लागलं. मी कुणाला विचारत नसे, मला विचारायचे." त्या तीन वाक्यांत त्यांची निवृत्ती मला जेवढी कळली, तेवढी कुठल्याच भेटीत कळली नव्हती.

सुनेची क्षमा मागायची होतीच. मत्तय 5 मध्ये येशू म्हणतो, वेदीजवळ अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण दे. म्हणजे बाकावर बसून राहणं पुरेसं नाही. उठून माणसाकडे जायचं आणि मग परत यायचं. क्षमा कशी मागायची याचा आम्ही सराव केला. एकच अट होती, वाक्यात "पण" आणायचा नाही. सिस्टर सुनेला म्हणाल्या, "तू नीटच लावल्या होत्यास. चुकलं माझं. घरात माझ्या हातात तेवढंच उरलं होतं असं मला वाटलं." सून म्हणाली, "आई, मला वाटलं आता तरी तुम्हाला शनिवारी मोकळं बसता येईल." त्या आठवड्यात सिस्टर प्रभुभोजनाला गेल्या.

शेवटी एक भाग मी त्यांच्यासाठी शोधून ठेवला होता, कारण निवृत्तीबद्दल इतकं थेट शास्त्रात फार कमी ठिकाणी लिहिलंय. गणना 8:24-26. लेव्यांनी, म्हणजे देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशातल्या पुरुषांनी, 25 व्या वर्षी सेवेला लागायचं आणि 50 व्या वर्षी ती सोडायची. पण तिथे ते संपत नाही. दर्शनमंडपात, म्हणजे उपासनेच्या तंबूत, आपल्या भाऊबंदांना त्यांच्या कामात मदत करायची, मात्र मुख्य सेवा स्वतः करायची नाही. दोन्ही बाजू एकाच आज्ञेत आहेत. जागा राहते, काम बदलतं. सिस्टरांना पहिलं अर्धं लगेच आवडलं. दुसऱ्यावर त्यांनी माझ्याशी वाद घातला, "समोर चुकतंय ते दिसत असताना हात बांधून बसायचं?" मी म्हटलं, विचारलं तर सांगा. न विचारता सांगायची सवय सुटायला वेळ लागेल.

आता त्या संडे स्कूलमध्ये मागे बसतात. ती मुलगी अजूनही उशिरा येते. एकदा तिनेच विचारलं की गोंधळ घालणाऱ्या मुलांना कसं सांभाळायचं, आणि सिस्टर तिच्यासोबत तासभर बसल्या. पुड्या कधी सून भरते, कधी त्या. चिडचिड गेलेली नाही. मागच्या भेटीतही ॲपवरून घरात वाजलं होतं. फरक एवढाच की दुसऱ्या दिवशीपर्यंत ते ताणलं गेलं नाही, आणि वहीत त्याचं पान होतं.

पाळकांना (पास्टरांना) आणि मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना माझी एक विनंती आहे. निवृत्त होणाऱ्यासाठी, जबाबदारी सोडणाऱ्यासाठी आपण उपकारस्तुतीची प्रार्थना करतो. त्यातच एक वाक्य घाला, प्रभू, यांच्या हातून आज काहीतरी जातंय, ते तू जाण. आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा त्यांच्या घरी जाऊन विचारा, दिवस कसा जातो. तेव्हा लगेच वचन काढू नका, आधी त्यांना बोलू द्या.