तिसरीतल्या मुलाची 'असेसमेंट करून आणा' असं शाळा म्हणते. शिक्का बसेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा आठ वर्षांचा, इंग्रजी माध्यमात तिसरीला, घरात मराठी. तोंडी विचारलं की सगळं सांगतो, लिहा-वाचायला बसवलं की अडतो. शाळा म्हणते, 'असेसमेंट करून आणा, नाहीतर स्पेशल शाळा बघा.' आणि तुम्हाला धास्ती की एकदा शिक्का बसला की तो पुसता येणार नाही.

शाळेच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग आधी बाजूला काढा. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 16 नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना तो कायदा लागू नाही, पण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 16 सरकारमान्य अशा प्रत्येक शाळेसाठी आहे. त्यात अध्ययन अक्षमता (बुद्धी ठीक, पण वाचन, लेखन किंवा गणितात अडथळा) लवकरात लवकर ओळखणं आणि त्यानुसार शिकवण्याची पद्धत बदलणं, ही दोन्ही कामं शाळेच्या वाट्याला दिलेली आहेत. याच कायद्याचं कलम 31 तर सांगतं की लक्षणीय (म्हणजे किमान 40 टक्के) दिव्यांगत्व असलेल्या, 6 ते 18 वयाच्या मुलाला परिसरातली शाळा किंवा विशेष शाळा, हवी ती निवडण्याचा हक्क आहे. हा निर्णय मुख्याध्यापकांचा नाही, तुमचा आहे.

तरीही तपासणी करून घ्या, असंच मी सांगेन. शाळा दटावते म्हणून नव्हे. मूल नेमकं कुठे अडतंय हे कळल्याशिवाय त्याला मदत करता येत नाही म्हणून. तिसरीचं वय त्यासाठी योग्य आहे. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये शाळेने करायच्या चाळणीसाठी हीच वेळ सांगितली होती: तिसरी किंवा आठ वर्षं, जे आधी येईल ते.

दोन कागद वेगळे असतात आणि बहुतेक पालकांची गल्लत इथेच होते. एक अहवाल, दुसरं प्रमाणपत्र. अहवाल मूल कसं शिकतं ते सांगतो. तो तुमच्या कपाटात राहतो, कुठल्याही सरकारी नोंदीत जात नाही. प्रमाणपत्र म्हणजे परीक्षेतल्या सवलतींसाठी सरकारी केंद्राने दिलेला दाखला. तुम्हाला आज अहवाल हवा आहे. प्रमाणपत्राची घाई नाही, आणि तिसरीत ते मिळणंही कठीण असतं. प्रत्यक्ष इयत्तेपेक्षा मूल साधारण दोन इयत्ता मागे आहे का, असं केंद्रं बघतात. तिसरीतलं मूल दोन इयत्ता मागे दाखवायचं तर त्याला पहिलीचंही धड येत नाही असं सिद्ध व्हावं लागतं. म्हणून अनेकांना 'पुन्हा एक-दोन वर्षांनी या' असं उत्तर मिळतं, आणि घरचे समजतात की मुलाला काहीच झालेलं नाही. तसा अर्थ काढू नका.

तपासणीचा क्रम चुकवू नका. पहिल्यांदा डोळे: नुसता नंबर नको, जवळचं आणि फळ्यावरचं दोन्ही दिसतं का ते पाहायला सांगा. मग कानाची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, कारण सारख्या सर्दीमुळे कानात पाणी साठलेली मुलं शब्दाचा शेवट चुकीचा ऐकतात आणि तसाच लिहितात. नंतर बालरोगतज्ज्ञ: झोप, फिट, थायरॉइड, रक्तक्षय. हे झाल्यावर बुद्ध्यांक चाचणी आणि सर्वांत शेवटी वाचन-लेखन-गणिताची शैक्षणिक चाचणी. पहिल्या दोन गोष्टी गाळून थेट मानसतज्ज्ञाकडे गेलात तर पैसे जातात आणि केंद्र पुन्हा तिथूनच सुरुवात करायला लावतं. चाचणी घेणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा. तो क्रमांक अहवालावर असायला हवा. शाळेच्या समुपदेशकाचं निरीक्षण उपयोगी असतं, पण ते निदान नव्हे.

आता भाषेचं, तुमच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचं. बुद्ध्यांकासाठी आपल्याकडे बहुधा मालिनची चाचणी वापरतात. तिचे दोन भाग: शाब्दिक (माहिती, आकलन, शब्दसंग्रह, साम्य वगैरे) आणि कृतीचा (ठोकळ्यांची रचना, अपूर्ण चित्रं, संकेतलेखन वगैरे). घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला शाब्दिक भाग इंग्रजीतून विचारला तर गुण पडतात ते इंग्रजीमुळे, आणि कागदावर मात्र बुद्धी कमी दिसते. चाचणीच्या आधीच स्पष्ट सांगा: 'प्रश्न मराठीत विचारा, उत्तर दोन्हींपैकी कुठल्याही भाषेत चालू द्या, आणि भाषा अहवालात नोंदवा.' वाचनाची चाचणीही दोन्ही लिप्यांत हवी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाची चाचणी तयार केली आहे. ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. तुमच्या तज्ज्ञाकडे ती आहे का विचारून पाहा. फक्त इंग्रजीत अडत असेल तर तो भाषेच्या सरावाचा प्रश्न असू शकतो. देवनागरीतही काना-मात्रा-वेलांटी गळते, घ-ध आणि भ-म यांची अदलाबदल होते, जोडाक्षर आलं की मूल थांबतं, असं दिसलं तर अध्ययन अक्षमतेची शंका पक्की होते. दोन-तीन वह्या न सुधारता तशाच घेऊन जा. पालकांनी खोडून नीट लिहून घेतलेली वही तज्ज्ञाच्या काहीच कामाची नसते.

अहवाल हातात आला की सगळ्यांची नजर एका आकड्यावर जाते. तो आकडा बहुतेक वेळा सर्वांत कमी सांगतो. समजा शाब्दिक 82, कृतीचा 108, सरासरी 95. वरवर पाहता मूल 'नॉर्मल', पण खरी गोष्ट 26 गुणांच्या दरीत आहे: हे मूल बघून, हात लावून शिकतं, आणि लांब तोंडी सूचना त्याच्या हातून निसटतात. तज्ज्ञाला समोर बसून प्रत्येक उपचाचणीचा अर्थ विचारा. शिफारशींच्या जागी 'रेमेडियल (उपचारात्मक अध्यापन) द्यावे' एवढीच ओळ असेल तर अहवाल अर्धवट आहे. विस्ताराने लिहून मागा, तुम्ही त्याचे पैसे दिलेले असतात. आकडा पटला नाही म्हणून दोन महिन्यांत दुसरीकडे तीच चाचणी करून घेऊ नका. प्रश्न आठवतात, गुण फुगतात आणि दोन्ही अहवाल संशयास्पद ठरतात. निदान एक वर्ष जाऊ द्या.

शिक्क्यांबद्दल. प्रत्येक शब्द वेगळं दार उघडतो, म्हणून शाळेने वापरलेला सैल शब्द कुठल्याही फॉर्मवर मान्य करून सही करू नका. 'अध्ययन अक्षमता' म्हणजे बुद्धी साधारण किंवा जास्त, पण वाचन, लेखन किंवा गणितात अडथळा. 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत ती आहे. 'बौद्धिक अक्षमता' हा वेगळा प्रकार. त्यासाठी बुद्ध्यांक सुमारे 70 च्या खाली असणं पुरत नाही, रोजच्या व्यवहारातलं स्वावलंबनही मोजावं लागतं. स्वमग्नता आणखी वेगळी. अतिचंचलता त्या 21 प्रकारांत स्वतंत्रपणे नाही. ती अध्ययन अक्षमतेबरोबर असेल तर दोन्ही लिहून घ्या. आणि 'गतिमंद' किंवा 'स्लो लर्नर' हा शब्द सर्वांत घातक, कारण 70 ते 85 च्या पट्ट्यातल्या या मुलांना प्रमाणपत्रही मिळत नाही आणि वर्गात सूटही मिळत नाही. शब्द चिकटतो, हातात काही येत नाही. कुणी तो तुमच्या मुलाबद्दल वापरला तर कोणत्या चाचणीच्या आधारे, हे लेखी विचारा.

शाळेला अहवालाची पूर्ण प्रत द्यायची गरज नाही. शिफारशींचं पान द्या, मूळ स्वतःजवळ ठेवा. सोबत मुख्याध्यापकांच्या नावे पत्र द्या आणि पोच घ्या. त्यात मोघम 'मदत करावी' लिहू नका. असं लिहा: पहिल्या बाकावर जागा; फळ्यावरून उतरवण्याऐवजी छापील कागद; प्रश्न मोठ्याने वाचून दाखवणे; शुद्धलेखनाचे गुण वेगळे ठेवणे; वर्गासमोर मोठ्याने वाचायला उभं न करणे; घटक चाचणी अर्धी तोंडी. यातल्या एकाही गोष्टीला प्रमाणपत्र लागत नाही, तरी 'आधी सर्टिफिकेट आणा' हे उत्तर हमखास येतं. तेव्हा दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम 16 चा उल्लेख करून दुसरं पत्र द्या. तरी हलले नाहीत तर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, मुंबईत शिक्षण निरीक्षक, आणि त्यानंतर पुण्यातलं दिव्यांग आयुक्तालय. सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर तालुक्याच्या गट साधन केंद्रात 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतले विशेष शिक्षक असतात. त्यांना भेट द्यायला सांगा.

याबरोबर तीन महिन्यांचा वैयक्तिक आराखडा मागा आणि तो मोजता येईल असा असू द्या. 'वाचन सुधारणे' म्हणजे काहीच नाही. 'आज मिनिटाला 20 शब्द वाचतो, तीन महिन्यांनी 35' हे झालं उद्दिष्ट. आठवड्याला दोन-तीन वेळा, पाऊण तास, प्रशिक्षित विशेष शिक्षकाकडे. रोजच्या ट्यूशनमध्ये तोच धडा पुन्हा घोकून घेतला जातो; त्याला उपचारात्मक अध्यापन म्हणत नाहीत.

प्रमाणपत्राचं काम नववीत उरकायचं, हे आत्ताच कॅलेंडरवर टाका. दहावीचे फॉर्म दिवाळीच्या सुमारास भरले जातात, सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो आणि केंद्रावर अनेक फेऱ्या होतात. मुंबईत ही केंद्रं सायन, नायर, केईएम रुग्णालयांत आहेत. जिल्ह्यात जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मुख्याध्यापकांचं फोटोवर शिक्का मारलेलं पत्र, तीन वर्षांच्या गुणपत्रिका, उत्तरपत्रिका, आधार आणि जुना अहवाल न्या. दिव्यांगत्वाचं ओळखपत्र ज्या पोर्टलवर निघतं त्याचं नाव स्वावलंबन. 2018 च्या सूचनांमध्ये 14 व्या आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी सांगितली होती; अशी फेरतपासणी लागू शकते, म्हणून आजचा प्रत्येक कागद जपा. दहावीला तासामागे 20 मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक जरूर घ्या. गणितातून सूट मात्र मुलाशी बोलल्याशिवाय घेऊ नका, कारण पुढे अभियांत्रिकीचा रस्ता तिथेच बंद होतो.

आणि मुलाला आजच सांगा, सोप्या शब्दांत: 'तुला अक्षरं ओळखायला जास्त वेळ लागतो, म्हणून आपण कसं शिकायचं ते शोधायला जातोय.' न सांगता नेलेली मुलं चाचणीच्या खोलीत घाबरून गप्प बसतात, आणि मग ती भीतीच गुणांमध्ये उतरते.