लॅपटॉपवर विंडोज ११ आहे, व्हॅलोरंट आणि स्टीमवरचे गेम खेळतो. गेमिंगसाठी सोबत लिनक्स टाकू का?

स्टीमवरच्या एकट्याने खेळायच्या गेमांसाठी खुशाल टाका, पण व्हॅलोरंटसाठी विंडोज ठेवावंच लागेल. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन २०१८ पासून स्टीममध्येच आहे. माझ्या लॅपटॉपवर दोन्ही सिस्टीम आहेत, आणि स्टीमचे बरेचसे गेम वेगळी खटपट न करता चालतात. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड (चीटिंग रोखणारं सॉफ्टवेअर) मात्र थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात बसतं, त्यामुळे लिनक्सवर तो गेम चालतच नाही. फोर्टनाइटही नाही.

खरं जपायचं ते पार्टिशन करताना, म्हणजे लिनक्ससाठी डिस्कचा वेगळा भाग पाडताना. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) अनेकदा आपसूक चालू असतं. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधी कागदावर उतरवून घ्या. बूटच्या सेटिंगला हात लावल्यावर विंडोजने ती मागितली आणि तुमच्याकडे नसली, तर सगळा डेटा आत अडकतो. मग:

- विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा.
- सी ड्राइव्ह विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करा.
- सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सेटिंग) चालूच ठेवा, विंडोज ११ वर व्हॅनगार्डला ते लागतं. उबुंटू हे लिनक्स त्याच्यासकट इन्स्टॉल होतं. एनव्हीडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर टाकताना उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगू शकतं. तसं झालं तर रीस्टार्ट झाल्यावर निळ्या स्क्रीनवर 'एनरोल एमओके' निवडून तोच द्या, नाहीतर ड्रायव्हर लोड होत नाही.

लॅपटॉपमध्ये दुसरा एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची जागा) रिकामा असेल, तर पार्टिशनच्या भानगडीत न पडता लिनक्ससाठी वेगळी एसएसडी घ्या.