मुरलेली रिओहा: आधी बाटलीची तब्येत, मग गुण

जुन्या स्पॅनिश रेड वाइनबद्दल आलेल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं. बहुतेक वाचकांकडे उत्तर स्पेनमधल्या रिओहा प्रदेशाची बाटली आहे, म्हणून उत्तरांचा रोखही तिकडेच आहे.

प्रश्न: मुलाने लोग्रोन्योहून रिओहाची 2010 सालची ग्रान रेसेर्वा आणली आहे. लेबलवर 'ग्रान रेसेर्वा' असणं म्हणजे दर्जाची खात्री समजायची का? (ठाणे)

नाही. तो शब्द फक्त काळाचा हिशेब सांगतो. रिओहाच्या नियमाप्रमाणे रेड क्रियान्सा (मुरवलेल्या वाइनच्या तीन वर्गांतला पहिला) किमान 24 महिने मुरवावी लागते, त्यातले 12 ओक लाकडाच्या पिंपात. रेसेर्वाला 36 महिने, पैकी 12 पिंपात आणि निदान 6 बाटलीत. ग्रान रेसेर्वाला 60 महिने, पैकी किमान 24 पिंपात. पिंप 225 लिटरचं. बाटलीच्या पाठीवर नियामक परिषदेची छोटी चिठ्ठी असते: क्रियान्साला लाल, रेसेर्वाला गडद किरमिजी, ग्रान रेसेर्वाला निळी. लोणचं किती दिवस बरणीत होतं हे कळलं म्हणून ते नीट मुरलंय असं होत नाही, तसंच हे.

2010 सालाला परिषदेने 'एक्सेलेंते' हा सर्वांत वरचा शेरा दिला आहे. 2001, 2004, 2005 आणि 2011 लाही तोच आहे. पण हा शेरा सबंध प्रदेशाच्या हंगामाचा असतो, तुमच्या हातातल्या बाटलीचा नव्हे.

त्या बाटलीची तब्येत उघडण्याआधीच बरीचशी कळते. ती उजेडासमोर उभी धरा. रिओहाची बाटली सहसा रुंद खांद्यांची असते. वाइनची पातळी मानेत किंवा मानेच्या बुडाशी असेल तर उत्तम. पातळी खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल तर बुचाने दगा दिलाय आणि आत हवा गेली आहे. बूच काचेच्या कडेवर फुगून आलंय, फॉइलखाली चिकट ओघळ आहे, असं दिसलं तर बाटली कुठेतरी तापली आहे. विकत घेताना अशी बाटली परत ठेवावी, साल कितीही मोठं असो. फॉइल उतरवल्यावर बुचाच्या डोक्यावर काळी बुरशी दिसली तर घाबरू नका. दमट तळघरात ती येतेच, ओल्या फडक्याने पुसून टाका.

प्रश्न: वीस वर्षांची बाटली उघडताना बूच अर्धं तुटलं आणि बाकीचं आत पडलं. पुढच्या वेळी काय करावं? वाइन गाळून घ्यावी का? (पुणे)

जुनं बूच दोन कारणांनी तुटतं: ते वरून सुकलेलं असतं आणि आपण स्क्रू अर्ध्यावरच थांबवतो. लांब पात्याचा स्क्रू बरोबर मध्यावर लावा, जवळजवळ पूर्ण आत जाऊ द्या आणि मग सावकाश ओढा. बूच फार ठिसूळ वाटलं तर दोन चपट्या पात्यांचं ओपनर घ्या. त्यातलं लांब पातं बूच आणि काच यांच्या फटीत आधी घालायचं, मग आखूड. दोन्ही आलटून पालटून दाबत खाली न्यायची आणि शेवटी पिळत वर काढायची. बूच सैल असेल तर मात्र हे ओपनर वापरू नका, बूच आत ढकललं जाईल. अर्धं बूच मानेत राहिलं तर स्क्रू तिरका घालून काचेच्या कडेला टेकवत ओढा.

तुकडे आत पडले म्हणून वाइन बिघडत नाही. स्टीलच्या बारीक गाळणीतून ओता. धुतलेल्या फडक्यातून गाळू नका, त्यातला साबणाचा वास वाइनला लागतो.

साक्याचं, म्हणजे तळाशी बसलेल्या गाळाचं, काम वेगळं आहे. तो गाळायचा नसतो, निथळून मागे ठेवायचा असतो. बाटली आदल्या दिवशीपासून उभी ठेवा. विमानाने आली असेल तर आधी दोन-तीन आठवडे हलवू नका. उघडल्यावर प्रथम दोन चमचे पेल्यात घेऊन वास आणि चव पाहा, कारण निथळण्यात हवा लागते आणि ती सोसेल की नाही हे या दोन चमच्यांतच कळतं. मग मानेखाली टॉर्च ठेवून एका धारेत, न थांबता चंबूत ओता. बाटली मध्येच सरळ केली की साका ढवळून निघतो. खांद्याशी काळी रेघ सरकत आली की थांबा. तळाशी 40-50 मिलिलिटर राहतील, तेवढी सोडून द्या.

पंधरा वर्षांच्या आसपासची धट्टीकट्टी ग्रान रेसेर्वा अर्धा ते एक तास आधी निथळली तर खुलते. तीस वर्षांपलीकडची अगदी पानं वाढायच्या वेळी निथळा. तिचा नाजूक वास तासाभरात उडून गेलेला असतो. जुन्या पद्धतीच्या रिओहात साका कमी निघाला तर संशय घेऊ नका. तिथल्या जुन्या वाइनरी पिंपातली वाइन वर्षातून दोनदा निथळून दुसऱ्या पिंपात घेतात आणि शेवटी अंड्याच्या पांढऱ्याने स्वच्छ करतात, त्यामुळे बराच साका पिंपातच राहतो.

प्रश्न: रंग फिका आणि कडेला विटकरी दिसला. वाइन गेली का? (नाशिक)

रंगावरून घाईने निकाल देऊ नका. पेला पांढऱ्या कागदावर 45 अंशांत कलता करा आणि मध्य व कड वेगळी पाहा. टेम्प्रानिलो हे रिओहाचं मुख्य लाल द्राक्ष; त्याच्या तरुण वाइनची कड जांभळट असते. वय वाढतं तशी रंगद्रव्यं टॅनिनला (तुरटपणा देणाऱ्या घटकाला) बिलगून साका होऊन खाली बसतात, आणि रंग माणकासारख्या लालवरून विटकरीकडे, पुढे कडेला नारिंगीकडे सरकतो. पिंपात दीर्घकाळ राहिलेल्या रिओहाचा रंग लवकरच उतरतो. मध्ये लाल आणि कडेला विटकरी हे तिचं निरोगी रूप आहे. स्पेनमधल्याच डुएरो नदीकाठच्या रिबेरा प्रदेशाची वाइन त्याच द्राक्षाची असूनही त्याच वयाला बरीच गडद दिसते, म्हणून दोघींना एकाच मापाने मोजू नका. काळजीचं लक्षण म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत एकसारखा चहासारखा तपकिरी रंग. निथळूनही राहिलेला गढूळपणा हे दुसरं. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर ते द्राक्षातल्या आम्लाचे निरुपद्रवी स्फटिक आहेत.

प्रश्न: वास घेतला की एकाला चामडं येतं, दुसऱ्याला गोठा, तिसऱ्याला ओलं पोतं. यातलं गुण कुठलं, दोष कुठला? (मुंबई)

जुन्या वाइनची परीक्षा खरी इथेच होते, आणि चुकाही इथेच सर्वांत जास्त होतात.

पेल्यात 40-50 मिलिलिटरच घ्या. आधी न हलवता हुंगा, मग तीन-चार वेळा गोल फिरवून पुन्हा हुंगा. पहिल्या वासात जळक्या काडीचा किंवा रबराचा दर्प आला तर दहा-पंधरा मिनिटं थांबा. वर्षानुवर्षं कोंडलेला तो वास हवेने निघून जातो. हवेने वाढत जाणारा वास मात्र दोष असतो.

ओलं पोतं, पावसाळ्यात बंद राहिलेलं कपाट, भिजलेला पुठ्ठा हे सगळे वास एकाच दोषाचे. बुचातून येणारं टीसीए हे संयुग लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. ते उडून जात नाही, पेल्यात अर्धा तास ठेवलं तर उलट ठळक होतं. प्रमाण अगदी कमी असेल तर पोत्याचा वास येतच नाही, नुसता फळाचा वास मेलेला असतो आणि घोट आखूड लागतो. अशी बाटली चाखून 'ही वाइन सपक आहे' असा शेरा मारणं अन्यायाचं आहे. शक्य असेल तर त्याच वाइनची दुसरी बाटली उघडून पाहा. शिवाय नाक या वासाला झटकन सरावतं, म्हणून पहिल्याच श्वासात काय वाटलं ते लगेच लिहून ठेवा किंवा खोलीबाहेरून आलेल्या माणसाला पेला द्या.

गोठा, घोड्याचं खोगीर, जखमेवरच्या चिकटपट्टीचा औषधी वास ही ब्रेटानोमायसीस या यीस्टची करणी. याबाबत जाणकारांतही मतभेद आहेत. आमचं मत असं: फळ आणि मसाला यांच्या मागे पुसटसा गोठा चालेल, पण तो पुढे येऊन सगळं झाकत असेल तर गुण कापावेत. नेलपॉलिश आणि व्हिनेगर हे उडत्या आम्लाचे वास. लांब पिंपवासातून आलेल्या जुन्या रिओहात त्याची किंचित झाक असते आणि ती वासाला धार देते. नाकात झोंबली की दोष. कापून ठेवलेलं सफरचंद म्हणजे हवा लागली. काकवी आणि आटवलेला जॅम म्हणजे बाटली तापली.

आता गुणांकडे. अमेरिकन ओक ही रिओहाची जुनी ओळख. त्याने व्हॅनिला, सुकं खोबरं आणि चक्क शेपूचा वास येतो. फ्रेंच ओकमध्ये लवंग आणि नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचा वास ठळक असतो. मुरल्यावर ताज्या चेरीची जागा सुकं अंजीर आणि खजूर घेतात, मागून तंबाखूचं पान, चामडं, पावसानंतरची माती आणि अळंबी येतात. या सगळ्याखाली थोडं तरी फळ जिवंत असलं पाहिजे. पेल्यात नुसतं लाकूड आणि तंबाखू उरलं असेल तर ती वाइन पिकण्याची वेळ ओलांडून गेली आहे.

प्रश्न: तोंडात नेमकं काय मोजायचं? गुणपत्रक असतं का? (कोल्हापूर)

आधी तापमान 16 ते 18 अंशांवर आणा. आपल्याकडच्या 28-30 अंशांच्या खोलीत ठेवलेली वाइन दारूसारखी जळजळते आणि जुनीचा सगळा नाजूकपणा झाकला जातो. बाटली साधारण तासभर फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि थर्मामीटरने पाहा.

लहान घोट घ्या, त्यावरून थोडी हवा ओढा, दहा सेकंद तोंडभर फिरवा आणि थुंका. जिभेच्या कडांना पाणी सुटतं ते आम्ल. तेच जुन्या रिओहाला उभं ठेवतं. ते नसेल तर वाइन बसलेली लागते. हिरड्या आणि गाल आवळतात तो टॅनिनचा तुरटपणा. तो पिठासारखा बारीक झालेला असावा. कच्च्या केळ्यासारखा खरखरीत तुरटपणा वयाने मऊ होत नाही. फळ आधी वाळतं आणि तो मागे राहतो, म्हणून अशी वाइन आणखी ठेवण्यात अर्थ नाही. थुंकल्यावर सेकंद मोजा: पाचाच्या आत चव संपली तर साधी, दहाच्या पुढे टिकली तर चांगली. मात्र टिकतंय काय हेही पाहा. नुसता कडवटपणा वीस सेकंद राहिला तर तो गुण नव्हे.

आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेच्या स्पर्धापत्रकात 100 पैकी दिसण्याला 15, वासाला 30, चवीला 44 आणि एकंदर ठशाला 11 गुण असतात. घरी एवढं पुरे. फक्त कागदाच्या डोक्यावर एक ओळ वेगळी ठेवा: 'बाटली निरोगी की सदोष?' उत्तर 'सदोष' आलं तर गुण भरूच नका.

प्रश्न: दुसरी बाटली आणखी दहा वर्षं ठेवली तर सुधारेल का? (अमरावती)

कुठे ठेवणार यावर सगळं आहे. 12 ते 15 अंशांचं स्थिर तापमान, अंधार आणि आडवी बाटली हे जमत असेल, आणि पहिल्या बाटलीत फळ व आम्ल दोन्ही भरपूर लागलं असेल, तर जरूर ठेवा. विदर्भातल्या उन्हाळ्यात साध्या कपाटात ठेवणार असाल तर येत्या थंडीतच उघडा. रोजच्या फ्रिजमध्ये काही आठवडे चालतं, वर्षं नाही. तिथल्या कोरड्या हवेत बूच आकसतं.

प्रश्न: मटणाबरोबर द्यावी का? अर्धी उरली तर? (पणजी)

रिओहात द्राक्षवेलीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेल्या कोकराच्या चापा तिच्याबरोबर खातात, नुसतं मीठ लावून. तिखट रश्शापुढे जुन्या वाइनचा टिकाव लागत नाही; मिरचीने तुरटपणा आणि जळजळ दोन्ही वाढतात. कमी मसाल्याचं भाजलेलं मटण किंवा साधं मशरूम परतून द्या. उरलेली वाइन 375 मिलिलिटरच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरा, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. तीस वर्षांची असेल तर त्याच रात्री.